शॉकअपचं सील बदललं, तरी पुन्हा ऑइल का येतं?

तक्रार ठरलेली असते. बाइकच्या पुढच्या शॉकअपमधून ऑइल येतं, गॅरेजमध्ये सील (पाइपभोवती बसून ऑइल आत रोखणारी रबरी रिंग) बदलून मिळतं, दोन-तीन महिने बरे जातात आणि कास-बामणोलीची किंवा चाळकेवाडीच्या पठारावरची एखादी फेरी झाली की त्याच बाजूच्या पाइपवर पुन्हा ऑइलचं कडं दिसायला लागतं. मग सील डुप्लिकेट निघालं असं ठरतं आणि तिसरं सील बसतं. डुप्लिकेट सील बाजारात आहेतच, पण एकाच बाजूचं सील पुन्हा पुन्हा जात असेल तर दोष बहुतेक वेळा सीलच्या आजूबाजूला असतो. पाइपवर गंजाचा टिपका, झिजलेला बुश (पाइप ज्यात सरकतो ती रिंग), बॉटमच्या (शॉकअपच्या खालच्या नळीच्या) आत पडलेला ओरखडा, वाकडं बसलेलं चाक किंवा प्रमाणाबाहेर भरलेलं ऑइल, यातलं काहीतरी तसंच राहतं आणि नवं सीलही त्याच वाटेने जातं. ‘अ‍ॅडव्हेंचर गाडी आहे, हे होणारच’ हे उत्तर मान्य करू नका.

खालची माहिती मुख्यतः साध्या शॉकअपची आहे, म्हणजे चकचकीत पाइप वर आणि अ‍ॅल्युमिनियमचा बॉटम खाली. रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ चा पाइप ४१ मि.मी.चा, एक्सपल्स २०० चा ३७ मि.मी.चा. हिमालयन ४५० आणि केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरला उलटे, यूएसडी शॉकअप येतात (जाड नळी वर, चकचकीत पाइप खाली). तिथे वेगळं काय ते त्या-त्या जागी दिलं आहे.

आधी गळती नक्की कुठून, ते बघा

पाइपवर ऑइल दिसलं म्हणजे सील गेलं असं लगेच धरू नका. चेनला मारलेला स्प्रे, फुटपाथवर उभ्या गाडीवर कोणीतरी पुसलेला हात, नवं सील बसवताना लावलेलं ग्रीस, यांनीही पहिले काही किलोमीटर पाइप ओलसर दिसतो. दोन्ही पाइप आणि बॉटम ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करा, डस्ट सीलच्या (मुख्य सीलच्या बाहेर बसणाऱ्या, धूळ अडवणाऱ्या रबराच्या) वर आणि खाली टाल्कम पावडरचा पातळ थर द्या आणि खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. पावडर डस्ट सीलपासून ओली झाली तर सील. वर सगळं कोरडं आणि बॉटमच्या अगदी टोकाला, एक्सलजवळ थेंब असेल तर सीलचा काही संबंध नाही, तो खालच्या अ‍ॅलन बोल्टचा तांब्याचा वायसर आहे. त्या वायसरपायी सील बदलून घेतलेल्या गाड्या कमी नाहीत.

हिमालयन ४११ आणि एक्सपल्सला रबरी बूट असतात. बुटामुळे पाइपला दगड लागत नाही ही चांगली गोष्ट, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. ऑइल बुटात साठत राहतं आणि बाहेर पहिला ओघळ येईपर्यंत शॉकअप बराच रिकामा झालेला असतो. पावसाळ्यात बुटाच्या आत पाणीही राहतं. महिन्यातून एकदा बुटाची क्लिप सैल करून बूट वर सरकवा, आतला पाइप कोरड्या कापडाने पुसा.

ऑइल कॅलिपरपर्यंत (डिस्क ब्रेकच्या पकडीपर्यंत) पोचलं असेल तर मात्र पुढची तपासणी नंतर. यवतेश्वरचा किंवा पसरणीचा घाट ओल्या पॅडवर उतरू नये. ऑइल प्यायलेले पॅड घासून, भाजून वापरायच्या युक्त्या सांगणारे भेटतील. पॅड टाकून द्या, डिस्क ब्रेक क्लीनरने साफ करा. यूएसडीमध्ये सील वरच्या नळीच्या तोंडाशी असतं, त्यामुळे तिथून आलेलं ऑइल पाइपवरून थेट कॅलिपरकडे उतरतं आणि हा धोका लवकर येतो.

सील न बदलता थांबते का?

कधी कधी थांबते. सीलच्या ओठाखाली (पाइपला टेकणाऱ्या आतल्या कडेखाली) मातीचा कण अडकला की तिथे बारीक फट राहते आणि ऑइल झिरपतं, सील मात्र शाबूत असतं. पाऊस किंवा चिखलानंतर अचानक सुरू झालेली, हलकी गळती बऱ्याचदा अशीच असते.

जुनी एक्स-रे फिल्म घ्या. साधारण तीन सें.मी. रुंद, बारा सें.मी. लांब पट्टी कापा आणि एका टोकाच्या बाजूला छोटा आकडा (हूक) ठेवा. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर हीच पट्टी सील कापेल. डस्ट सील पातळ पेचकसाने सगळीकडून थोडं थोडं उचलून पाइपवर वर सरकवा. खाली जी माती निघेल ती बघण्यासारखी असते. कासकडची जांभ्याची लाल, खरखरीत. कृष्णाकाठच्या शेतरस्त्यांची काळी, लोण्यासारखी, पण वाळली की डस्ट सीलमागे पापुद्रा धरून पाणी कोंडून ठेवणारी. ती पुसून काढा, ढकलू नका. मग पट्टी पाइपला चिकटून सीलमध्ये घाला आणि आकडा ओठाखाली ठेवून पाइपभोवती पूर्ण फिरवत वर ओढा. तीन-चार वेळा करा, दर वेळी पट्टी पुसा. पुढचा ब्रेक धरून शॉकअप दहा-बारा वेळा दाबा, आलेलं ऑइल पुसा, पुन्हा दाबा. यूएसडीला डस्ट सील खाली सरकतं, पट्टी खालून घालायची.

शंभर किलोमीटरनंतर पाइप कोरडा असेल तर प्रश्न मिटला. पुन्हा ओला झाला तर शॉकअप उघडा. पट्टी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फिरवत बसण्यात अर्थ नाही, ओठ बहुधा कापला गेलेला असतो.

पाइप: इथेच बहुतेकांचं चुकतं

सील पुन्हा पुन्हा जाण्याचं सगळ्यात मोठं कारण पाइपवरच्या हार्ड क्रोमला पडलेले टिपके. पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेला खडा क्रोमला सुईएवढं भोक पाडतो, त्यात पाणी जातं, खालचं लोखंड गंजतं आणि टिपक्याच्या कडा वर उचलल्या जातात. डोळ्यांना तो काळा ठिपका दिसतो, सीलला तो पातं वाटतो. दर दाबाला ओठ त्यावरून जातो.

पाइप स्वच्छ पुसून उन्हात धरा आणि नख आडवं-उभं फिरवा. नखाला न कळणारे टिपके जुन्या नायलॉन मोज्याला कळतात, धागा अडकतो. पुढची बाजू आणि गाडी उभी असताना डस्ट सीलच्या लगेच वर येणारा दोन-तीन इंचांचा पट्टा जास्त नीट बघा, कारण धुतल्यावर पाणी तिथेच थांबतं. टिपका महत्त्वाचा आहे की नाही, हे तो कुठे आहे यावर ठरतं. पाइपला एक बारीक प्लास्टिकची केबल टाय डस्ट सीलला टेकवून बांधा, गाडी नेहमीच्या खराब रस्त्यावर चालवा. टाय जिथपर्यंत सरकेल तिथपर्यंत सील पोचतं. त्याच्या खूप वर, खालच्या टी-जवळ (टी म्हणजे दोन्ही पाइप धरून ठेवणारी आडवी पकड) असलेला गंज दिसायला वाईट, पण गळतीशी त्याचा संबंध नाही. टाय नंतर काढून टाका.

टिपका सीलच्या वाटेत आहे आणि एक-दोनच आहेत, तर असं करा. १५०० नंबरचा पॉलिश पेपर ऑइलमध्ये भिजवून फक्त उचललेल्या कडा उतरवा. पेपर पाइपभोवती गोल फिरवायचा, वर-खाली नाही. उभे ओरखडे म्हणजे ऑइलला बाहेर यायला पन्हाळी. मग टिपका अ‍ॅसिटोनने धुऊन कोरडा करा, टूथपिकच्या टोकाने दोन भागांचं इपॉक्सी किंवा बिनरंगी नेलपॉलिश भरा. नेलपॉलिश दोन-तीन पातळ थरांत, मधे वाळवून. दुसऱ्या दिवशी २००० च्या पेपरने पाइपच्या पातळीत आणा. इपॉक्सी जास्त टिकतं. हे काम एखादा मोसम निभावतं, कायमचं नाही. पाइपवर जागोजागी टिपके असतील, किंवा क्रोम सोलून खालचं करडं लोखंड दिसत असेल, तर नवा पाइप घ्या किंवा पुन्हा हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करून घ्या. हार्ड क्रोमला देताना मूळ व्यासावरच ग्राइंड करायला सांगा आणि परत आल्यावर मायक्रोमीटरने तीन जागी मोजा. चमकतं म्हणून घेऊ नका, शोभेच्या क्रोमलाही चमक असते.

पाइप वाकलाय का, तेही याच वेळी. दोन व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज (वाक दाखवणारं घड्याळ) लावून फिरवायचा. हे कोणत्याही टर्नरकडे पाच मिनिटांत होतं. नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच गाड्यांना ती ०.२ मि.मी.च्या आसपास असते. किरकोळ वाक प्रेसवर निघतो. सुरकुती पडलेला पाइप सरळ करून कोणी देत असेल तरी घेऊ नका.

उघडताना क्रम चुकवू नका

गाडीचं पुढचं चाक हवेत हवं. बॅश प्लेटखाली (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याखाली) लाकडी ठोकळा किंवा जॅक, मागचं चाक पट्ट्याने पक्कं. कॅलिपर काढून तारेने टांगा, होजवर लोंबू देऊ नका. चाक काढायच्या आधीच वरच्या टी-चा बोल्ट सैल करून शॉकअपची टोपी अर्धा फेरा सैल करा. खालची टी तेव्हा पाइप धरून ठेवते. शॉकअप बाहेर काढल्यावर टोपी उघडायला गेलात की पाइप पकडीत धरावा लागतो, आणि पकडीचा ओरखडा म्हणजे पुढची गळती.

दुसरा क्रम बॉटमच्या बोल्टचा. स्प्रिंग आत असतानाच तो सैल करा. स्प्रिंगचा दाब आतला डँपर (उसळी आवरणारा भाग) धरून ठेवतो. आधी टोपी आणि स्प्रिंग काढली तर अ‍ॅलन की फिरते, बोल्ट नुसता गरगरतो आणि मग डँपर धरायला आत घालायचा टी-रॉड शोधत बसावं लागतं. टोपी पूर्ण उघडताना तळहाताने दाबून धरा, स्प्रिंग उसळी घेते.

ऑइल काचेच्या मोजपात्रात काढा. पाइप वर-खाली करत, मग पंधरा-वीस मिनिटं उलटं टांगून. उजेडात धरलं की ऑइल बरंच काही सांगतं. नुसतं काळं म्हणजे जुनं झालंय. दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय, डस्ट सील आणि बूट तपासा. करडं आणि आत रुपेरी चमक फिरतेय तर धातू झिजतोय, आणि नुसतं सील बदलून काही होणार नाही. न गळणाऱ्या बाजूचंही ऑइल मोजून लिहून ठेवा, पण तो आकडा भरायच्या मापासाठी शेवटचा मानू नका. भिंतींना पाच-दहा मि.लि. चिकटून राहतं, शिवाय आधीच्या माणसाने काय भरलंय ते कोणाला माहीत.

बुश आणि बॉटम

जिथे वेगळे बुश असतात तिथे त्यांच्यावरचा करडा टेफ्लॉनचा थर बघा. थराखालचा तांबूस धातू तीन-चतुर्थांशाहून जास्त भागावर उघडा पडला असेल तर बुश बदलायचे, दोन्ही बाजूंचे. झिजलेल्या बुशात पाइप ब्रेक मारताना पुढे-मागे डुलतो, सीलचा ओठ एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला उघडतो. नवं सील लवकर जाण्याचं हे दुसरं मोठं कारण. उघडायच्या आधीही हे कळतं. पुढचं चाक हवेत ठेवून बॉटम दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढा. खडखड जाणवली तर एक बोट डस्ट सीलवर ठेवून पुन्हा ओढा. हालचाल तिथे असेल तर बुश, वर टी-पाशी असेल तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग). दोन्ही एकत्र सैल असणंही काही विशेष नाही.

काही शॉकअपमध्ये बाहेरचा बुशच नसतो, पाइप सरळ अ‍ॅल्युमिनियमच्या बॉटममध्ये चालतो. तिथे बॉटमच झिजतो आणि तो बदलण्याला पर्याय नसतो.

आता जे सहसा कोणी बघत नाही ते. सील ज्या खोबणीत बसतं तिथे आधीच्या वेळी पेचकसाने पडलेला ओरखडा. सीलचा आतला ओठ उत्तम, पाइप उत्तम, तरीही ऑइल सीलच्या बाहेरच्या कडेने येतं. बोट फिरवा, उभा चर लागला तर ६०० च्या पेपरने कडा मारा आणि नव्या सीलच्या बाहेरच्या कडेला गॅस्केट सीलंटचा केसाएवढा पातळ थर द्या. जुनं सील काढताना पेचकसाखाली लाकडाची चपटी ठेवली तर हा चर पडतच नाही. जुनं लॉक (सील जागेवर धरणारी तारेची रिंग) गंजलं असेल तर खोबणीतला गंजही खरवडा, नाहीतर नवं लॉक पूर्ण बसत नाही आणि सील हळूहळू वर येतं.

नवं सील बसवताना

ऑइल सील, डस्ट सील, लॉक आणि बॉटमचा तांब्याचा वायसर, दोन्ही बाजूंचे नवे. एकाच बाजूचं बदलून वाचलेले पैसे दुसरी बाजू गळली की मजुरीत जातात. सील कंपनीचं किंवा नावाजलेल्या बनावटीचं घ्या आणि जुन्या सीलशी वर्नियरने तिन्ही मापं (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी) जुळवून बघा.

पाइपच्या धारदार कडेवरून नवं सील सरकवताना ओठ कापला जातो, गॅरेजमध्ये घाईत हे रोज होतं. पाइपच्या टोकावर प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळा, तिला फोर्क ऑइल (शॉकअपचं ऑइल) चोळा आणि सील वळवत वळवत उतरवा. नंबर छापलेली बाजू वर, ओठाभोवतीची बारीक गोल स्प्रिंग ऑइलकडे, म्हणजे खाली. ती स्प्रिंग जागेवर आहे ना ते बोटाने चाचपा.

सील ठोकायला छिन्नी-हातोडी नको. जुनं सील नव्यावर ठेवा आणि त्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा. त्या तुकड्याचा आतला व्यास शॉकअपच्या पाइपपेक्षा जास्त आणि बाहेरचा सीलच्या खोबणीपेक्षा कमी हवा. ४१ च्या पाइपला ठिबकवाल्या दुकानातला ५० मि.मी.चा शेतीचा पाइप बहुधा चालतो, नेण्याआधी मोजा. एकसारखे हलके ठोके द्या, आवाज बदलून टणक झाला की थांबा. लॉकची खोबणी पूर्ण उघडी दिसली पाहिजे. डस्ट सीलच्या आत रबर ग्रीस लावा, साधं पिवळं ग्रीस माती धरून ठेवतं.

ऑइल: जास्त म्हणजे चांगलं नव्हे

फोर्क ऑइलच वापरा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीचं. इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल भरण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि गाडी चालतेही, पण शॉकअप कसा वागेल याचा भरवसा राहत नाही.

‘खड्डे जास्त आहेत, थोडं जास्त भर’ हे मात्र सीलच्या मुळावर येतं. शॉकअपमध्ये ऑइलच्या वर हवा असते आणि ती दाबली जाऊन स्प्रिंगला मदत करते. ४१ च्या पाइपमध्ये पातळी १० मि.मी.ने वाढायला साधारण १० मि.लि. ऑइल पुरतं. समजा हवेची जागा १३० मि.मी. हवी आहे आणि अंदाजाने ५० मि.लि. जास्त गेलं, तर हवेची एक-तृतीयांशाहून जास्त जागा गेली. मोठ्या खड्ड्यात तळाला जाताना दाब त्याच प्रमाणात चढतो आणि तो सोसायचा सीलने.

म्हणून मि.लि.पेक्षा पातळी मोजा. सांगितल्याएवढं भरा, पाइप सावकाश दहा-बारा वेळा चालवून हवा काढा, दहा मिनिटं थांबा. पाइप पूर्ण खाली, स्प्रिंग बाहेर, शॉकअप सरळ उभा. पाइपच्या वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर मॅन्युअलप्रमाणे. मेडिकलमधली ५० मि.लि.ची सिरिंज आणि सलाइनची नळी यासाठी उत्तम. नळी हव्या त्या खोलीवर टेपने खूण करून सोडा आणि जास्तीचं ओढून घ्या. दोन्ही बाजू मि.मी.मध्ये सारख्या. काही यूएसडीत दोन्ही पायांचं (शॉकअपच्या डाव्या-उजव्या बाजूंचं) काम वेगळं असतं, तिथे प्रत्येक पायाचं माप मॅन्युअलमधूनच घ्या.

टोपीवर हवेचा स्क्रू असेल तर पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला, म्हणजे १,३५० मीटरच्या आसपास चढल्यावर, पुढचं चाक हवेत घेऊन तो क्षणभर उघडा. फरक थोडाच असतो, पण फुकट आहे.

चाक बसवणं

इतकं करूनही शेवटच्या पाच मिनिटांत घाण होते. एक्सल घातल्यावर तो हाताने, वळवत सरळ सरकला पाहिजे. हातोडीने घालावा लागत असेल तर दोन्ही पाय समांतर नाहीत. पडलेल्या गाडीत टी पिळलेली असते. दोन्ही टी-चे बोल्ट, मडगार्ड सैल करा, चाक गुडघ्यांत धरून हँडल उलट फिरवा, पुन्हा एक्सल बघा. मग नट आवळा, पण बॉटमचा पिंच बोल्ट (एक्सल आवळून धरणारा) सैलच ठेवा. गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरून पाच-सहा वेळा जोरात दाबा, पाय आपापल्या जागी बसतात, त्यानंतर पिंच बोल्ट. हे न करता आवळलं की पाइप बॉटममध्ये तिरका घासत राहतो. यूएसडीत खालच्या टी-चे बोल्ट टॉर्क पान्ह्यानेच आवळा. जास्त आवळले तर बाहेरची नळी दबते आणि आतला पाइप अडकत चालतो.

टेंपोत गाडी नेताना पट्टे ओढून शॉकअप तळाला बसवून तासन्‌तास ठेवू नका, अर्ध्यापर्यंत दबला तरी गाडी हलत नाही. आणि वॉशिंग सेंटरच्या पोराला प्रेशर डस्ट सीलवर मारू देऊ नका. चिखल त्याच दिवशी साध्या पाण्याने, मऊ कापडाने, पाइपवरून वर पुसत काढा. रात्रभर वाळू दिला तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या खड्ड्यात डस्ट सील तो आत नेतं. चिखला-धुळीत चालणाऱ्या गाडीचं फोर्क ऑइल दहा-बारा हजार किलोमीटरला किंवा दोन वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलावं.

काम झाल्यावर शंभर आणि पाचशे किलोमीटरला पाइप पांढऱ्या कापडाने पुसून बघा. कापडावर पुसट करडी रेघ चालते, सीलला ओलावा लागतोच. पिवळसर ओला डाग आला आणि पाइप, बुश, एक्सल, पातळी सगळं तपासून झालेलं असेल, तर सीलच्या खोबणीत भिंग घेऊन पुन्हा बघा. तिथे बारीक तडा असू शकतो, विशेषतः जोरात आपटलेल्या गाडीत, आणि मग बॉटम बदलावाच लागतो.